कोंबड्यांच्या खाद्यात गांडूळ : सोयापेंडीला खरंच पर्याय मिळेल का?

गांडुळाच्या सुक्या भुकटीत सोयापेंडीपेक्षा जास्त प्रथिनं असतात. तरीही पोल्ट्री उद्योगानं ती जवळ केलेली नाही. यामागचं गणित काय आहे आणि परसात २५ कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी ते वेगळं का ठरतं?

पावसाची पहिली मोठी सर पडून गेली की परसातली कोंबडी दाण्यांकडे पाठ फिरवते आणि उकिरडा उकरायला लागते. पायानं माती मागे ढकलायची, मान वाकडी करून बघायचं आणि चोचीत गांडूळ सापडलं की बाकीच्या कोंबड्यांपासून लांब पळत सुटायचं. गावाकडे वाढलेल्यांनी हे हजारदा पाहिलेलं असतं. शेडमधल्या कोंबडीच्या नशिबी मात्र हे नसतं. तिला मिळतो तो मका, सोयापेंड, क्षार आणि जीवनसत्त्वं यांचा मोजून केलेला भरडा.

या भरड्यातली सोयापेंड महागली की पोल्ट्री शेतकऱ्याचं गणित कोलमडतं. म्हणून सोयापेंडीला पर्याय शोधण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. माशीच्या अळ्या, शेवाळ, इथेनॉल कारखान्यातला चोथा अशा पर्यायांच्या रांगेत गांडूळही आहे. शाळेच्या पुस्तकात ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणून भेटलेला हा जीव पोल्ट्री शेतकऱ्याचाही मित्र होऊ शकतो का, हे समजून घेऊ.

खाद्याचा प्रश्न एवढा मोठा का?

कोंबडीपालनात सर्वाधिक पैसा खाद्यावर जातो. पिल्लं, औषधं, वीज, मजुरी हे सगळं एका बाजूला ठेवलं तरी एकूण उत्पादन खर्चाचा ६० ते ७० टक्के भाग एकट्या खाद्याचा असतो. त्यामुळे खाद्य किलोमागे २-३ रुपयांनी महागलं तरी अख्ख्या बॅचचा नफा पुसला जाऊ शकतो.

खाद्यात साधारण निम्म्याहून अधिक वाटा मक्याचा असतो. मका ऊर्जा देतो, पण त्यात प्रथिनं जेमतेम ८ ते ९ टक्के असतात. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात साधारण १६ ते १८ टक्के, तर वेगानं वाढणाऱ्या ब्रॉयलरला २० ते २३ टक्के प्रथिनं लागतात. भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १३७४’ या कोंबडी खाद्याच्या मानकातही वयानुसार अशीच प्रमाणं दिलेली आहेत.

ही दरी सोयापेंड भरून काढते. सोयाबीनमधून तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिनं असतात. खाद्यात तिचं प्रमाण २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास असतं. वजनात ती मक्यापेक्षा कमी असली तरी किलोमागे महाग असते आणि तिचे भाव पटकन वरखाली होतात.

२०२१ मध्ये काय घडलं होतं?

सोयापेंडीवरचं अवलंबित्व किती धोक्याचं आहे, हे २०२१ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दिसलं. सोयाबीनचे दर क्विंटलला १० हजार रुपयांपर्यंत पोहोचले. सोयापेंड त्या वर्षाच्या सुरुवातीच्या तुलनेत दुपटीहून महाग झाली आणि ऑगस्टच्या सुमारास किलोला ९० ते १०० रुपयांच्या घरात गेली. अंडी आणि कोंबडीचे दर त्या वेगानं वाढले नाहीत. त्यामुळे पोल्ट्री व्यवसाय तोट्यात गेला.

अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. सुरुवातीला ही आयात न्हावा-शेवा बंदर आणि बांगलादेश सीमेवरचं पेट्रापोल या दोनच ठिकाणांहून होणार होती.

पोल्ट्री शेतकऱ्याला यातून थोडा श्वास घेता आला. पण लातूर, अकोला, वाशीमकडचा सोयाबीन उत्पादक नाराज झाला. नवं पीक बाजारात आलं तेव्हा दर जवळपास निम्म्यावर आले होते. एकाच गावात एकाच्या शेडमध्ये सोयापेंड महाग म्हणून चिंता आणि दुसऱ्याच्या घरी सोयाबीन स्वस्त म्हणून चिंता, असं चित्र तेव्हापासून वारंवार दिसतं. सोयापेंडीला पर्याय हवा, ही चर्चा इथूनच जोर धरते.

गांडुळात असं काय असतं?

जिवंत गांडुळाच्या वजनात सुमारे ८० ते ८५ टक्के पाणी असतं. ते वाळवून भुकटी केली तर तिच्यात साधारण ५५ ते ७० टक्के प्रथिनं मिळतात. म्हणजे सोयापेंडीपेक्षा जास्त आणि चांगल्या प्रतीच्या मासळीच्या भुकटीच्या जवळपास. गांडुळाची जात, त्याला घातलेलं खाद्य आणि वाळवण्याची पद्धत यांनुसार हा आकडा बदलतो.

नुसत्या प्रथिनांच्या टक्केवारीपेक्षा त्या प्रथिनांमध्ये काय आहे, हे जास्त महत्त्वाचं. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यातली काही कोंबडीचं शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती खाद्यातूनच मिळावी लागतात. लायसिन आणि मेथिओनिन ही त्यातली दोन कळीची. मक्यात लायसिन कमी असतं. सोयापेंडीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी असतं. म्हणून खाद्य कारखाने वरून कृत्रिम मेथिओनिन घालतात. गांडुळाच्या प्रथिनांत ही दोन्ही अमिनो आम्लं चांगल्या प्रमाणात असतात.

ही माहिती नवी नाही. गांडुळातल्या प्रथिनांवरची टिपणी ‘नेचर’ या प्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात १९४५ मध्येच आली होती. पुढे १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात जनावरांच्या शेणावर गांडुळं वाढवून त्यांचा खाद्यासाठी वापर करता येईल का, यावर बरंच काम झालं. फिलिपिन्समध्येही त्याच सुमारास असे प्रयत्न सुरू झाले. व्हिएतनाममधले छोटे शेतकरी आजही शेणावर गांडुळं वाढवून कोंबड्या-बदकांना घालतात.

शेतातलं गांडूळ उचलून घालायचं का?

नाही. शेतात नांगरताना दिसणारी गांडुळं जमिनीत खोलवर राहतात, सावकाश वाढतात आणि मातीचा पोत राखतात. ती गोळा करून कोंबड्यांना घालणं म्हणजे जमिनीचं नुकसान करणं.

खाद्यासाठी विचार होतो तो गांडूळखताच्या वाफ्यातल्या जातींचा. त्या जमिनीच्या वरच्या थरात, कुजणाऱ्या शेणात आणि पालापाचोळ्यात राहतात आणि भराभर वाढतात. आपल्याकडे गांडूळखतासाठी मुख्यतः आयसेनिया फेटिडा आणि युड्रिलस युजेनी या परदेशी जाती वापरल्या जातात. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही भारतीय जातही त्यासाठी चालते. महाराष्ट्रात गांडूळखत नवं नाही. अनेक गावांत प्लॅस्टिकचे बेड किंवा विटांचे वाफे आहेत. म्हणजे कच्चा माल आणि तो वाढवण्याचं कसब दोन्ही इथं आधीपासून आहे.

कोंबड्यांवरचे प्रयोग काय सांगतात?

ब्रॉयलर कोंबड्या आणि जपानी लाव्ह्यांना गांडुळाची भुकटी घालून आशियातल्या अनेक देशांत प्रयोग झाले आहेत. त्यांचा सूर साधारण सारखा आहे. खाद्यात ही भुकटी थोड्या प्रमाणात, म्हणजे काही टक्के मिसळली तर पक्ष्यांची वाढ नेहमीच्या खाद्याइतकी किंवा थोडी बरी होते. प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे नेलं की अनेकदा पक्षी खाद्य कमी खाऊ लागतात आणि फायदा घसरतो.

चवीचाही मुद्दा आहे. आयसेनिया फेटिडाला डिवचलं की ते शरीरपोकळीतला पिवळसर, उग्र वासाचा द्रव बाहेर टाकतं. त्याच्या नावातला ‘फेटिडा’ हा शब्द या दुर्गंधीवरूनच आला आहे. १९८० च्या दशकात ट्राउट माशांवर झालेल्या प्रयोगांत या जातीची गांडुळं खायला मासे नाखूश दिसले होते. उकळत्या पाण्यातून काढल्यानं हा त्रास बराच कमी होतो. म्हणून भुकटी करण्याआधी गांडुळं गरम पाण्यातून काढणं ही महत्त्वाची पायरी मानली जाते.

थोडक्यात, पोषणाच्या परीक्षेत गांडूळ पास होतं. अडचण पुढे आहे.

मग खाद्य कारखाने ते का घेत नाहीत?

१० हजार ब्रॉयलर पक्ष्यांच्या एका शेडचं उदाहरण घेऊ. एक पक्षी विक्रीच्या वजनापर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. म्हणजे एका बॅचला ३५ टन खाद्य. त्यात सोयापेंड सुमारे १० टन. यातली फक्त दहावा हिस्सा, म्हणजे १ टन सोयापेंड काढून तिथं गांडूळ घालायचं ठरवलं, तर काय लागेल?

– १ टन सोयापेंडीत सुमारे ४५० किलो प्रथिनं असतात.

– तेवढ्या प्रथिनांसाठी ६० टक्के प्रथिनं असलेली गांडूळ भुकटी ७५० किलो लागेल.

– एक किलो भुकटीला साधारण ६ किलो जिवंत गांडुळं धरली, तर साडेचार टन गांडुळं हवीत.

– घातलेल्या शेणाच्या १० टक्के वजनाची गांडुळं मिळतात, असं अगदी आशावादी गृहीत धरलं तरी ४५ टन शेण लागेल.

– एक जनावर दिवसाला १२ किलो शेण देतं असं धरलं, तर ४५ दिवसांत हे शेण जमवायला ८० हून अधिक जनावरं दावणीला हवीत.

एवढा खटाटोप एका शेडच्या, एका बॅचच्या, फक्त दहाव्या हिश्शाच्या सोयापेंडीसाठी. प्रत्यक्ष वाफ्यात १० टक्क्यांच्या पाव पटच उत्पादन निघालं, तर जनावरांचा आकडा चौपट, म्हणजे ३३० च्या पुढे जातो. वर साडेचार टन गांडुळांतलं जवळपास पावणेचार टन पाणी वाळवून काढायचं. पावसाळ्यात ते उन्हात होत नाही आणि यंत्रानं करायचं तर इंधन लागतं.

पैशांचा हिशेब आणखी बोलका आहे. गांडूळखतासाठी बियाणं म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवंत गांडुळांचा दर किलोला २०० रुपये धरला, तर साडेचार टनांचे ९ लाख रुपये होतात. त्यांच्या बदल्यात वाचलेली १ टन सोयापेंड किलोला ४० रुपये दरानं ४० हजारांची. २०२१ मधला १०० रुपयांचा उच्चांकी दर लावला तरी १ लाखाची. स्वतः वाढवलेल्या गांडुळांचा खर्च बाजारभावापेक्षा बराच कमी येतो, हे खरं. पण वाफ्यातून गांडुळं वेगळी करण्याची मजुरी, वाळवण आणि दळण धरलं तर एवढी मोठी दरी बुजत नाही.

शिवाय महाराष्ट्रात ब्रॉयलर पालनाचा मोठा भाग करार पद्धतीवर चालतो. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनी देते. शेतकरी शेड, वीज, पाणी आणि मेहनत देतो आणि वाढवलेल्या वजनानुसार त्याला मोबदला मिळतो. पक्ष्याला काय खायला घालायचं, हे तो ठरवतच नाही. खाद्य बदलण्याचा निर्णय कंपनीचा असतो आणि कंपनीला हवा असतो दर आठवड्याला, एकाच प्रतीचा, शेकडो टन माल. तो आज सोयापेंडीतच मिळतो.

माशीची अळी गांडुळाच्या पुढे का गेली?

‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या अळ्याही सेंद्रिय कचऱ्यावर वाढतात आणि त्यांच्यातही भरपूर प्रथिनं असतात. या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत बरीच गुंतवणूक झाली आहे, ती प्रामुख्यानं या माशीत.

कारण वेगाचं आहे. ही अळी अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवड्यांत काढणीला येते. आयसेनिया फेटिडाचं कोष फुटायलाच जवळपास तीन आठवडे लागतात आणि पिल्लू प्रजननक्षम व्हायला आणखी दीड-दोन महिने. दुसरं म्हणजे, पूर्ण वाढलेली अळी कोषात जाण्याआधी कोरडी जागा शोधत स्वतःहून कचऱ्याबाहेर येते. तिच्यासाठी उतार करून ठेवला की ती आपोआप डब्यात गोळा होते. गांडूळ मात्र प्रकाशापासून पळून खाली दडतं. ते हातानं किंवा चाळणीनं वेगळं करावं लागतं.

कायद्यातही अळ्यांची वाट आधी मोकळी झाली. युरोपीय संघानं कीटकांपासून केलेल्या प्रथिनांना जुलै २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात परवानगी दिली. ही परवानगी ठरावीक कीटकांच्या यादीपुरती आहे. गांडूळ कीटक नाही, त्यामुळे ते त्या यादीत नाही.

गांडूळ खायला घालण्यात धोका आहे का?

आहे आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पहिला धोका जंतांचा. कोंबडीच्या पोटातल्या अनेक जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात. गांडूळ ती माती खातं आणि जंताची अंडी किंवा अळ्या त्याच्या शरीरात साठतात. ते गांडूळ कोंबडीनं खाल्लं की जंत पुन्हा तिच्या पोटात. पटकृमींच्या काही जाती, श्वासनलिकेत राहून कोंबडीला तोंड वासायला लावणारा कृमी, तसंच हेटेराकिस नावाचा गोलकृमी असे पसरू शकतात. हेटेराकिसबरोबर ‘ब्लॅकहेड’ हा यकृत आणि आतड्यांचा आजारही येऊ शकतो. टर्की पक्ष्यांमध्ये तो फार घातक ठरतो.

दुसरा धोका जड धातूंचा. गांडूळ जे खातं, त्यातलं कॅडमियम, शिसं, जस्त त्याच्या शरीरात साठत जातं. कॅडमियम तर आजूबाजूच्या मातीपेक्षाही जास्त प्रमाणात साठू शकतं. शहरातला मिश्र कचरा, सांडपाण्याचा गाळ किंवा कारखान्याशेजारची माती यावर वाढलेली गांडुळं कोंबडीला घातली तर ते धातू पुढे अंड्यात आणि मांसात येण्याची भीती असते. ‘कचऱ्यापासून प्रथिनं’ ही कल्पना आकर्षक वाटते, पण कचरा कुठला, यावर सगळं अवलंबून आहे.

तिसरा धोका जिवाणूंचा. साल्मोनेला शेणात असू शकतो. कच्ची गांडुळं तशीच घातली किंवा भुकटी ओलसर राहिली तर तो खाद्यात येतो. ओल्या भुकटीला बुरशी लागते आणि तिच्यातली चरबी खवट होते.

चौथा मुद्दा जैवसुरक्षेचा. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये झाला होता. तेव्हापासून शेडजवळ रानपक्षी येऊ नयेत, हा नियम पोल्ट्री व्यावसायिकांना तोंडपाठ आहे. उघडा गांडूळ वाफा बगळे, कावळे, साळुंक्या यांना आमंत्रण देतो. त्यामुळे वाफा खुराड्यापासून लांब आणि जाळीनं झाकलेलाच हवा.

मग हा पर्याय नेमका कोणासाठी?

देशात २०१९ च्या पशुगणनेनुसार कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मिळून ८५.१८ कोटी होते. त्यातले ३१.७ कोटी परसातले होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. हे पक्षी मुख्यतः महिला, आदिवासी आणि अल्पभूधारक कुटुंबं पाळतात. तिथं अंडी विकून आलेला पैसा बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हातात राहतो.

या कोंबड्यांना कारखान्याचं खाद्य क्वचितच मिळतं. त्या खातात ज्वारी, तांदळाची कणी, उरलेली भाकरी-भात आणि अंगणात मिळतील ते किडे. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती आणल्या तरी नुसत्या दाण्यावर त्या अपेक्षेइतकी अंडी देत नाहीत. धान्यानं पोट भरतं, पण लायसिन आणि मेथिओनिनचा तुटवडा राहतो. गांडूळ नेमकं तेच पुरवतं.

हिशेब २५ कोंबड्यांचा करू. प्रत्येकीला रोज १० ग्रॅम ताजी गांडुळं दिली तर दिवसाला पाव किलो लागतील. आधीच्या उदाहरणातला आशावादी दर सोडून पाव पटच उत्पादन धरलं, तरी त्याला रोज १० किलो शेण पुरतं. म्हणजे गोठ्यातल्या एका जनावराचं शेण. शेडसाठी ३३० जनावरं आणि परसासाठी एक, हा फरक या विषयाचं सार आहे.

१० ग्रॅम ताज्या गांडुळांतून कोंबडीला मिळतं जेमतेम १ ग्रॅम प्रथिन. तिची दिवसाची गरज साधारण १६ ग्रॅमची. त्यामुळे दाणा बंद करून गांडुळांवर कोंबड्या पाळता येतील, या भ्रमात राहू नये. गांडूळ हे तोंडीलावणं आहे. त्याच्या जोडीला कणी-भरडा, हिरवा पाला आणि कवच पक्कं होण्यासाठी शिंपल्यांचा चुरा लागतोच, कारण गांडुळात कॅल्शियम फारसं नसतं.

इथं वाळवण, दळण, वाहतूक यांचाही प्रश्न येत नाही. गांडुळं काढली, धुतली, उकळत्या पाण्यातून काढली आणि त्याच दिवशी खुराड्यात घातली. वाफ्यातलं खत शेतात जातं किंवा विकलं जातं. वाफ्याचा खर्च त्या खतातून निघतो आणि गांडुळं वरकड मिळतात.

सुरुवात करायची तर काय काळजी घ्यावी?

– वाफ्यात गाई-म्हशीचं शेण आणि पालापाचोळाच घालावा. ताजं शेण तापतं आणि गांडुळं मरतात. त्यामुळे १५-२० दिवस मुरलेलं शेण वापरावं.

– आपल्याच कोंबड्यांची विष्ठा वाफ्यात घालू नये. जंतांचं चक्र तिथंच तुटतं.

– पहिले तीन-चार महिने गांडुळं वाढू द्यावीत. सुरुवातीलाच काढायला लागलं तर वाफा रिकामा होतो. नंतरही निम्म्याहून जास्त गांडुळं कधी काढू नयेत.

– वाफ्यावर सावली आणि गोणपाटाचा ओलावा हवा. तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं की आयसेनिया टिकाव धरत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात गारवा राखता आला नाही तर त्या काळात उत्पादनाची अपेक्षा ठेवू नये.

– काढणीआधी दोन-तीन दिवस पाणी बंद करावं. मग खताचा शंकूसारखा ढीग करून उजेडात ठेवावा. गांडुळं खाली जातात, वरचं खत काढून घेता येतं आणि तळाशी गांडुळं एकत्र सापडतात.

– काढलेली गांडुळं एक दिवस ओल्या, स्वच्छ गोणपाटात ठेवावीत. पोटातलं शेण निघून जातं. मग धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून घालावीत.

– वाफ्याला मुंग्या, उंदीर आणि कोंबड्यांपासूनही जपावं. एकदा कोंबडीला वाफा सापडला की ती तो दुपारपर्यंत रिकामा करते.

– कोंबड्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं वेळेवर जंतनाशक द्यावं. नव्यानं सुरू करताना आधी चार-पाच कोंबड्यांना घालून बघावं.

सोयाबीन उत्पादकांनी काळजी करावी का?

गांडुळामुळे नाही. वरचं गणित पाहिलं तर ते सोयापेंडीची बाजारपेठ हलवू शकत नाही, हे स्पष्ट आहे. सोयापेंडीला खरी स्पर्धा दुसरीकडून आली आहे. मका आणि तांदळापासून इथेनॉल तयार करताना उरणारा चोथा वाळवून ‘डीडीजीएस’ या नावानं पशुखाद्य म्हणून विकला जातो. इथेनॉलचं उत्पादन वाढलं तसा हा चोथाही बाजारात मुबलक आणि स्वस्त झाला. खाद्य कारखान्यांनी सोयापेंडीचा काही वाटा त्याच्याकडे वळवला.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि राज्यातल्या बाजार समित्यांमध्ये दर त्याच्या खाली होते. त्यामागे जे घटक होते, त्यात हा चोथाही होता. दुसरीकडे इथेनॉलसाठी मका जाऊ लागल्यानं मका महागला आणि पोल्ट्री शेतकऱ्याची चिंता सोयापेंडीवरून मक्यावर सरकली. मक्याची जागा तर गांडूळ घेऊच शकत नाही. कोंबडीला ऊर्जा धान्यातूनच लागते.

मग पुढे काय?

मोठ्या शेडसाठी गांडुळाची भुकटी नजीकच्या काळात सोयापेंडीची जागा घेईल, असं आज तरी दिसत नाही. गांडुळं वेगळी करणारी स्वस्त यंत्रं, सौर वाळवण यंत्रं आणि मोठे गांडूळखत प्रकल्प एकत्र आले, तर पिल्लांच्या पहिल्या काही दिवसांच्या खाद्यात किंवा लाव्ह्यांसारख्या छोट्या पक्ष्यांसाठी तिला जागा मिळू शकते. त्यासाठी प्रत्येक खेपेची जंतू आणि जड धातूंसाठी तपासणी लागेल आणि तो खर्चही धरावा लागेल.

त्यामुळे ‘गांडूळ विकत घ्या, पोल्ट्रीचं खाद्य फुकट’ अशी जाहिरात मोबाइलवर आली, तर कर्ज काढून बेड घेण्याआधी वरचा हिशेब आपल्या शेडच्या आकड्यांनी एकदा मांडून पाहावा. किती पक्षी, किती खाद्य, किती शेण आणि गांडुळं वेगळी करायला घरात कोण मोकळं आहे, एवढे चार आकडे पुरतात.

ज्यांच्या दावणीला एक-दोन जनावरं आहेत, परसात वीस-पंचवीस कोंबड्या आहेत आणि गांडूळखताचा वाफा आधीच आहे, त्यांना मात्र विकत काही घ्यायचं नाही. वाफा भरला की त्यातली पाव किलो गांडुळं उकळत्या पाण्यातून काढून रोज खुराड्यात घालायची आणि महिन्याभरानं अंड्यांची संख्या वहीत लिहून आधीच्या महिन्याशी ताडून बघायची.